मराठीखाली उर्दू: पाटी, पत्रिका आणि शिक्क्यावर उजवीकडून चालणारी लिपी न मोडता कशी बसवावी

लग्नाची पत्रिका, दुकानाची पाटी, जिल्हा परिषद उर्दू शाळेचा फलक, उर्सचं फ्लेक्स, रबरी शिक्का. भुसावळ, रावेर, सावदा, अमळनेर, धुळे, शहादा, कुठंही डीटीपीचं दुकान टाकलं की मराठीखाली दोन ओळी उर्दूच्या असलेलं काम येणारच. ऑपरेटरला उर्दू वाचता येत नाही, गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर कळत नाही, आणि चूक दिसते ती फ्लेक्स चौकात चढल्यावर. हे त्या ऑपरेटरसाठी आहे. उर्दू आलीच पाहिजे असं काही नाही, लिपी कशी चालते तेवढं कळलं की नव्वद टक्के घोळ टळतात.

आधी एक सवय मोडा

उर्दू ‘उलटी’ टाइप करायची नसते. जळगाव म्हणताना तोंडातून आधी ‘ज’ निघतो, तसं टाइप करतानाही आधी जीम हे अक्षर दाबायचं. फाइलमध्येही जीमच पहिलं साठवलं जातं. ते पडद्यावर उजव्या टोकाला मांडायचं काम सॉफ्टवेअरचं.

बिघडलेली बहुतेक कामं एकाच कारणानं बिघडतात. ओळ पडद्यावर चुकीची दिसली म्हणून कुणीतरी शब्द कापून इकडचे तिकडे चिकटवतं. त्या मशीनवर ओळ बरोबर दिसायला लागते. मग तीच फाइल छपाईवाल्याच्या मशीनवर उघडते, तिथलं सॉफ्टवेअर दिशा नीट ओळखतं, आणि हातानं फिरवलेलं सगळं पुन्हा फिरतं. चौकट अरुंद केली तर आणखी गंमत: वाक्याचा शेवट वरच्या ओळीत आणि सुरुवात खालच्या ओळीत. म्हणून ओळ चुकीची दिसली की शब्दांना हात लावू नका. दिशेचं सेटिंग शोधा.

जळगावचे तीन तुकडे

उर्दूची अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात आणि जागेप्रमाणे रूप बदलतात: सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असेल तर चौथं. मात्र नऊ अक्षरं अशी आहेत की ती मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत: अलिफ, दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झ़े आणि वाव. ही नऊ पाठ करा. उर्दू न येणाऱ्याला काम तपासायला याहून चांगलं हत्यार नाही.

जळगाव उर्दूत सहा अक्षरांत लिहितात: जीम, लाम, गाफ़, अलिफ, हमज़ावाला वाव, नून गुन्ना (अनुनासिकाचा, बिननुक्त्याचा नून). (ळ ला वेगळं अक्षर नाही, लामवर भागवतात.) जीम-लाम-गाफ़-अलिफ हे एकमेकांत गुंतलेले. अलिफ पुढे हात देत नाही, म्हणून तिथं तुकडा तुटतो. वाव एकटा, तोही पुढे हात देत नाही, म्हणून नून गुन्नाही एकटा. म्हणजे शब्दाचे तुकडे दिसले पाहिजेत तीन, मोठा तुकडा उजवीकडे. आणि संपूर्ण शब्दात नुक्ता, म्हणजे अक्षराचं टिंब, एकच, जीमच्या पोटात.

आता पडद्यावर पाहा. सहा सुटी अक्षरं दिसली, तर सॉफ्टवेअरला जोडणी येत नाही. मोठा तुकडा डावीकडे दिसला, तर दिशा गेली. शेवटच्या वाटीत नुक्ता दिसला, तर नून गुन्नाच्या जागी साधा नून पडलाय आणि वाचणारा ‘जलगाऊन’ वाचेल. तीन वेगळे रोग आहेत, तिघांना औषध वेगळं.

धुळ्याचं तसंच. दाल, दो-चश्मी हे, वाव, लाम, ये, हे. तुकडे तीन: दाल एकटा, मग ‘हे’ला चिकटलेला वाव, मग लाम-ये-हे. इथं दोन प्रकारचे ‘हे’ आले, त्यात फार चुका होतात. ध, भ, घ, छ असे महाप्राण लिहायला दो-चश्मी हे लागतो, दोन डोळ्यांचा. साधा ‘ह’ लिहायला गोल हे. भुसावळमध्ये ‘ब’पुढे गोल हे पडला तर स्टेशनचं नाव ‘बहसावल’ होऊन बसतं.

दिशा वेगळी, अलाइनमेंट वेगळं

मजकूर उजव्या कडेला सरकवला म्हणजे तो उजवीकडून चालायला लागला, हा सर्रास होणारा गैरसमज. राइट अलाइन केल्यानं फक्त जागा बदलते. परिच्छेदाची दिशा डावीकडूनच राहते, आणि मग शेवटचं उद्गारचिन्ह किंवा कंस उडी मारून ओळीच्या उजव्या टोकाला, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीनं वाक्याच्या आधी, जाऊन बसतो. उर्दूचा स्वतःचा पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह हे उजवीकडून चालणारे म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे ते जागा सोडत नाहीत. इंग्रजी कीबोर्डवरचं उद्गारचिन्ह, टिंब, कंस यांना स्वतःची दिशा नाही. शेजारी आणि परिच्छेद जिकडे नेईल तिकडे ते जातात.

विंडोजवर करायचं ते असं:

१. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर उर्दू जोडा. कीबोर्ड बदलायला विंडोज बटण आणि स्पेस.

२. वर्ड किंवा नोटपॅडमध्ये कर्सर उर्दूच्या ओळीत ठेवून उजवीकडचं कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट एकत्र दाबा. दिशा उजवीकडून होते. मराठीच्या ओळीवर परत यायला डावीकडची जोडी.

३. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, मग टाइप. तिथं टेक्स्ट इंजिन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आहे. हे न केल्यामुळेच सुटी आणि उलटी अक्षरं येतात. मराठीची वेलांटी आणि जोडाक्षरं जिथं फुटतात तिथंही हेच सेटिंग लागतं, म्हणजे एका कामात दोन दुखणी जातात.

४. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’.

५. एक्सेलमध्ये शाळेची यादी असेल तर फॉरमॅट सेल्स, अलाइनमेंट, टेक्स्ट डायरेक्शन.

कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर ज्यांचं दुकान चालतं त्यांनी तिथं उर्दू टाइप करायच्या नादी लागू नये. इनपेजमध्ये मजकूर तयार करा, पान ईपीएस म्हणून एक्स्पोर्ट करा आणि कोरलमध्ये चित्र म्हणून आणा. इनपेज १९९४ पासूनचं, उर्दू छपाईतलं मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीतला, नसतो. तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्डमध्ये टाकला की कचरा दिसतो. आपल्याकडे जुन्या मराठी फॉण्टमधला मजकूर मेलवर गेला की जे होतं, तेच. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि कंस मात्र हातानं तपासा, रूपांतरात ते कधी कधी उलटे होतात.

आकडे: इथंच तारीख चुकते

उर्दूत अक्षरं उजवीकडून चालतात, पण संख्या डावीकडूनच लिहितात आणि वाचतात. एकाच ओळीत दोन दिशा आल्या की सॉफ्टवेअर युनिकोडच्या ठरलेल्या नियमानं निवाडा करतं. तो नियम डोळ्यांना विचित्र दिसतो, पण पक्का आहे. पत्रिकेसाठी एवढं लक्षात ठेवा.

उर्दू शब्दानंतर इंग्रजी आकड्यांत मोबाइल नंबर टाकला आणि मध्ये जागा सोडली, समजा १२३४५ ६७८९०, तर दिसतो ६७८९० १२३४५. प्रत्येक गट आतून बरोबर, गटांची अदलाबदल. आडवी रेघ टाकली तरी तेच. देशाचा कोड टाकलात तर अधिकचं चिन्ह ९१ च्या उजवीकडे जाऊन बसतं.

तारखेत १२-०५-२०२६ असं लिहिलं तर दिसतं २०२६-०५-१२. तीच तारीख तिरक्या रेघेनं किंवा टिंबानं लिहिली तर जागची हलत नाही. वेळेतला विसर्गासारखा कोलनही टिकतो. तेव्हा उर्दू भागात तारीख तिरक्या रेघेनंच लिहा, प्रश्न मिटला. ‘१० ते १२’ अशा वेळा आडव्या रेघेनं दाखवल्या की पडद्यावर १२-१० दिसतं. ते मात्र दुरुस्त करू नका, उजवीकडून वाचणाऱ्याला आधी दहाच भेटतात.

मोबाइल नंबर जागच्या जागी ठेवायला दोन उपाय. पहिला, मध्ये जागा न सोडता दहाही आकडे सलग लिहा. दुसरा, नंबरच्या लगेच आधी ‘लेफ्ट टू राइट मार्क’ हे न दिसणारं चिन्ह टाका. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवरून दोन, शून्य, शून्य आणि इंग्रजी ई टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की ते येतं. त्याच्या आधी चिकटून एखादा आकडा असेल तर ऑल्ट-एक्स तोही कोडमध्ये ओढून घेतं, म्हणून आधी जागा सोडा. वर्डचं आणखी एक: कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं तेही ते लक्षात ठेवतं, त्यामुळे नंबर टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

आणि ही गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: देवनागरी आकडे युनिकोडच्या लेखी अक्षरांसारखेच डावीकडून चालणारे आहेत. ते इंग्रजी आकड्यांसारखे शेजाऱ्याच्या कलानं वागत नाहीत. देवनागरी आकड्यांतला नंबर उर्दू ओळीत टाकला तर मध्ये जागा असूनही तो फिरत नाही. पण जी ओळ देवनागरी आकड्यानं सुरू होते, तिची दिशा आपोआप ठरवणारी अ‍ॅप तिला डावीकडची समजतात आणि पुढची उर्दू विस्कटते.

वर्डच्या ऑप्शन्समध्ये न्यूमरल नावाच्या जागी ‘हिंदी’ असा पर्याय दिसेल. तो निवडून देवनागरी आकडे येत नाहीत, अरबी वळणाचे येतात. अरब त्यांना हिंदी आकडे म्हणतात, तेच नाव तिथं आलंय. उर्दूच्या आकड्यांचा संच युनिकोडमध्ये अरबीपेक्षा वेगळा आहे. चारचा आकार पाहिला की फरक कळतो. पत्रिकेवर इंग्रजी आकडेच टाकलेले बरे, सगळ्यांना वाचता येतात.

फॉण्ट

भारतात उर्दू वाचणाऱ्याची नजर नस्तलीक वळणाला सरावलेली असते: शब्द वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरत जातो. कुराणाच्या आणि अरबी वर्तमानपत्रांच्या छपाईतलं सरळ रेषेत चालणारं वळण ते नस्ख. पाटीवर नस्खमध्ये उर्दू लिहिली तर चूक म्हणता येत नाही, पण गिऱ्हाईक म्हणेल ‘हे अरबी वाटतंय’, आणि त्याचं बरोबर असतं. उतरतं वळण मशीनवर बसवणं अवघड होतं. १९८१ मध्ये आलेल्या नूरी नस्तलीकसाठी मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २० हजार जोडरूपं हातानं लिहून दिली होती. आज जमील नूरी नस्तलीक, नोटो नस्तलीक उर्दू, विंडोजसोबत येणारा उर्दू टाइपसेटिंग यांपैकी कोणताही चालतो.

नस्तलीक दिसायला लहान पडतो आणि उंचीला जास्त जागा खातो. मराठी १४ पॉइंट असेल तर उर्दू १८ ते २० ठेवा. दोन ओळींतलं अंतर फॉण्टच्या आकाराच्या पावणेदोन ते दोन पट. वर्डमध्ये लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर असेल तर वरचे नुक्ते छाटले जातात, ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा ‘मल्टिपल’ ठेवा.

ट्रॅकिंगला हात लावू नका. अक्षरांत अंतर वाढवलं की मराठीची शिरोरेखा तुटते, तसाच उर्दूचा जोड तुटतो. ओळ भरायला आडवी लांबवणारी रेघ नस्खमध्ये शोभते, नस्तलीकमध्ये उतारावर सपाट पट्टी ठोकल्यासारखी दिसते. आणि इंग्रजी पाट्यांसारखं एकाखाली एक अक्षर उभं तर कधीच रचू नका.

शब्दात एखादंच अक्षर परकं, ताठ दिसतंय? मजकूर फोनच्या अरबी कीबोर्डवरून आलाय. अरबीचा काफ, ये आणि हे दिसायला उर्दूसारखे, पण कोड वेगळे. फाइंड-रिप्लेसनं ती तीनही अक्षरं उर्दू कीबोर्डवरच्या अक्षरांनी बदला. शब्दाच्या शेवटच्या ‘ये’खाली दोन नुक्ते दिसले की तो अरबीचा, उर्दूत तिथं नुक्ते नसतात.

कापणी आणि चिकटवणी

‘नुक्ते के हेरफेर से ख़ुदा जुदा हो गया’ हे उगाच म्हणत नाहीत. नुक्ता वर असेल तर ख़े, पोटात असेल तर जीम. व्हिनाइल कापून नको असलेला भाग सोलताना आधी काय निघून येत असेल तर हे नुक्ते. प्रत्येक नुक्त्याची बाजू किमान ४ मिलिमीटर राहील एवढं अक्षर मोठं ठेवा, सोलताना उजवीकडून डावीकडे हळू या, आणि सोलण्याआधीच कागदावर त्या ओळीतले नुक्ते मोजून लिहून ठेवा. चिकटवून झाल्यावर पुन्हा मोजा. अ‍ॅक्रिलिकच्या उठावाच्या अक्षरांत प्रत्येक नुक्ता हा वेगळा तुकडा असतो, त्याला वेगळी पिन लागते. दर सांगताना हे धरा.

कोरलमध्ये मजकूर कंट्रोल-क्यूनं कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या केल्यावर, अक्षरांचे जोड एकमेकांवर चढलेले दिसतात. तसंच प्लॉटरला दिलं तर पातं प्रत्येक जोडावर कापतं. आधी वेल्ड करा, म्हणजे चढलेले भाग मिळून एकच आकार होतो. वेल्डऐवजी कंबाइन केलं तर चढलेल्या जागी पांढरी भोकं पडतात. कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावानं ठेवा, स्पेलिंग बदलायला तीच लागेल.

मांडणी आणि घडी

एकाच ओळीत मराठी आणि उर्दू कालवू नका. प्रत्येक भाषेला तिची चौकट. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा, फारुकी आदिलशहाच्या काळातला लेख अरबीत आहे आणि संस्कृतातही, ज्याची त्याची लिपी आपापल्या दिशेनं. खानदेशाच्या जुन्या राजधानीतला तो कित्ता गिरवायला हरकत नाही.

दुकानाच्या पाटीवर राज्याच्या नियमाप्रमाणे मराठी देवनागरीत आधी पाहिजे आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. उर्दू मोठी करताना हे विसरलं जातं. सोबत उर्दू चालते की नाही, असं कुणी विचारलं तर अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाचं प्रकरण सांगा: १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही असा निकाल दिला.

एका घडीच्या चार पानी पत्रिकेत मराठीचं मुखपृष्ठ नेहमीचं, म्हणजे घडी डावीकडे. मागचं पान हे उर्दूचं मुखपृष्ठ; पत्रिका उलटली की घडी उजवीकडे येते आणि उर्दू वाचणारा तिथूनच उघडतो. आत डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर उर्दू. आतली पानं अदलाबदल झाली तर दोघांनाही पत्रिका मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

अरबी, फारसी, सिंधीला दिशेचे, जोडणीचे आणि आकड्यांचे हेच नियम लागू. हिब्रू आणि मालदीवची थाना लिपीही उजवीकडून चालतात, पण त्यांची अक्षरं जोडली जात नाहीत, त्यामुळे तुकडे मोजायची युक्ती तिथं चालत नाही. दिशा आणि आकडे यांची काळजी घ्यायची.

प्रूफ आणि शिक्का

प्रूफ पाठवताना फाइल पाठवू नका, चित्र पाठवा. फाइल समोरच्या फोनवर वेगळीच दिसते आणि नसलेल्या चुका निघतात. उर्दू शाळेच्या गुरुजींना किंवा घरातल्या वाचणाऱ्याला नुसतं ‘बघून घ्या’ म्हटलं की ते बघतात आणि ‘ठीक है’ म्हणतात. त्याऐवजी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून व्हॉइस मेसेज मागवा आणि समोर मराठी मजकूर धरून ऐका. नाव, गाव, तारीख, वेळ, नंबर. नंबर एकेक आकडा करून वाचायला सांगा.

रबरी शिक्क्यात मात्र आरसा खराखुरा लागतो, आणि इथं हुशार माणूस फसतो. उर्दू मुळातच उजवीकडून चालते, म्हणजे ती आधीच उलटी आहे, असं समजून मराठीची ओळ तेवढी मिरर करायची आणि उर्दूची तशीच सोडायची, असं होतं. दोन्ही ओळी बरोबर वाचता येतील अशा मांडा, कर्व्ह करा, एकत्र ग्रुप करा आणि मग आख्खा ग्रुप एकदाच आडवा मिरर करा. शिक्का बनवणाऱ्याचं मशीन स्वतः मिरर करत असेल तर तुम्ही करूच नका, आधी फोन करून विचारा. ठसा उमटवल्यावर जळगावचा मोठा तुकडा उजवीकडे आणि त्याच्या पोटात एक नुक्ता दिसला की शिक्का द्यायला हरकत नाही.